कॅसेटमध्ये नसलेली पाचवी शर्यत

खंडेनवमीला कोल्हापूरच्या उद्यमनगरात यंत्रं बंद असतात. लेथ, ड्रिल, ग्राइंडर पुसून त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. त्या दिवशी दुपारी माझ्या मामाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर फळी टाकून टीव्ही ठेवायचे आणि माझ्या बाबांनी तयार केलेली ‘वर्षाची कॅसेट’ लावायचे. फिटर, वेल्डर, साचे करणारे, चहावाला, सगळे हातात पेढा घेऊन उभ्यानं बघायचे. मी मामाच्या खांद्यावरून बघायचे. माझ्या आठवणीतली पहिली गर्दी ही आहे. मोर्चाची गर्दी नंतरची.

बाबा लग्नाचं शूटिंग करायचे. अख्खी कॅसेट पोटात घेणारा मोठा कॅमेरा वर्षानुवर्षं वाहून त्यांचा उजवा खांदा अजूनही डाव्यापेक्षा खाली आहे. लग्नाची तिथी नसलेल्या रविवारी ते शर्यतींना जायचे. कोल्हापुरात मोटरसायकलच्या शर्यतींचं वेड जुनं आहे. शहराबाहेरच्या माळावर मातीचा ट्रॅक आखायचा, थंडी सुरू झाल्यापासून उन्हाळा संपेपर्यंत पाच शर्यती घ्यायच्या, दर शर्यतीला गुण, आणि शेवटी ज्याचे गुण जास्त तो त्या वर्षाचा पहिला. बाबा पाचही शर्यती चित्रित करायचे आणि पावसाळ्यात, लग्नं बंद असताना, त्यांची काटछाट करून, स्वतःच्या आवाजात निवेदन भरून दीड तासाची एक कॅसेट करायचे.

हे ते एका परदेशी कॅसेटवरून शिकले. एका गिऱ्हाइकाचा भाऊ आखातातून आला होता, त्यानं ती दिली. मोटारींच्या जागतिक स्पर्धेचा एक अख्खा हंगाम, सोळा शर्यती, दोन तासांत. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. पण निवेदकाचा आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो, हे त्यांना पाठ झालं होतं. कॅसेट सुरू होताच जिंकलेला माणूस दिसतो, आणि मग गोष्ट मागे जाते, वर्षाच्या पहिल्या शर्यतीला, जिथं तो कुणाच्या खिजगणतीतही नसतो.

“बघ,” बाबा म्हणायचे, “शेवट ठावा असून बी माणूस दोन तास बसतंय.”

त्या कॅसेटमध्ये एक अपघात होता. एक गाडी भिंतीवर जाते, संगीत थांबतं, निवेदक गप्प होतो आणि चित्र तसंच चालू राहतं. तिथं बाबा दर वेळी म्हणायचे, “झाकलं न्हाय त्यांनी. ह्याला म्हणायचं वर्ष दाखवणं.”

मी आठ वर्षांची होते. मी ते खरं मानलं.

तसं वय होतं आणि तसं घर होतं. माझी आई पत्रकं लिहायची. पाण्याच्या टंचाईवर, गुटख्यावर, देवीच्या नावानं पोरींच्या केसात वाढवलेल्या जटांवर, नदीत सोडलेल्या मळीवर. प्रेसमधून आलेले गठ्ठे आमच्या कॉटखाली असायचे, त्यांचा शाईचा वास अंथरुणाला यायचा. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. शाळेत बाकीच्या पोरी ‘कमळ बघ’ वाचत होत्या तेव्हा मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. आईच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ असायची: अन्याय पाहून गप्प बसणाराही त्यात सामील असतो. ती ओळ मी दहावीच्या निबंधात लिहिली, कॉलेजच्या भिंतीवर लिहिली, आणि एका प्राध्यापकाच्या तोंडावर म्हणून वर्गाबाहेरही गेले.

मामा आईचा धाकटा भाऊ. फिटर होता, आणि स्वतः शर्यतीत उतरायचा. त्याच्या कामाची गोष्ट अशी, की गाडी चालू करून तो टाकीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि काय बिघडलंय ते सांगायचा. गाडीवाल्याला पटलं नाही तर म्हणायचा, “मग उघडून बघा की पावणं, मी हितंच हाय.” उघडल्यावर तेच निघायचं. शर्यतीतल्या निम्म्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या असायच्या. म्हणजे तो ज्यांच्याशी स्पर्धा करायचा त्यांच्याही गाड्या तोच तयार करून द्यायचा, आणि त्यात कधी खोट ठेवायचा नाही.

ज्या वर्षाबद्दल मी लिहितेय, त्या वर्षी मामानं चारपैकी तीन शर्यती जिंकल्या, एकीत दुसरा आला. पाचवीत नुसतं शेवटपर्यंत पोचला असता तरी पुरे होतं. मला गोवर आला होता, म्हणून आई माझ्यापाशी घरी राहिली. संध्याकाळी बाबा कॅमेरा न घेताच घरी आले. एवढंच मला आठवतं. कॅमेऱ्याशिवाय ते कसे दिसतात हे मी प्रथमच पाहत होते.

मामाला डोक्याला मार बसला होता आणि उजव्या पायाचा चेंदामेंदा झाला होता. शुद्धीवर आला तेव्हा त्याला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं, सकाळचा चहासुद्धा. त्याला सांगितलं गेलं की गाडी घसरली. त्यानं विचारलं, चेन कुठं मिळाली? कुणीतरी खरं तेच सांगितलं, की उतरून लांब पडली होती.

इथं एक बारीक गोष्ट सांगायला हवी. मोटरसायकलची चेन जिथं जोडतात तिथं एक कडी असते, तिला सगळे चेन लॉक म्हणतात. तिच्यावर एक पातळ क्लिप बसते, दोन नखांत मावेल एवढी. तिचं एक तोंड बंद, एक उघडं. चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला बंद तोंड हवं. उलटी बसली तर पळता पळता निसटते आणि चेन उतरते. शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती ही गोष्ट. मामानं आदल्या दिवशी नवी चेन घातली होती आणि लॉक स्वतः बसवलं होतं.

“उलटं बसलं माझ्याकडनं,” तो म्हणाला. मिरजेच्या दवाखान्यात, पाय वर टांगलेल्या अवस्थेत, आणि मग आयुष्यभर.

पाय राहिला, पण गुडघ्यात वाकेना. वर्कशॉप त्यानं सोडून दिलं. लंगडेपणामुळे नव्हे. बसून करायची कामं पुष्कळ होती आणि पोरं गाड्या घेऊन यायची. तो म्हणायचा, “माझ्या हाताचा भरवसा न्हाय राहिला. उद्या तुझी चेन उतरली तर?” तेव्हापासून तो एका सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला बसतो. चेन लॉक विकतो, प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, “बंद तोंड म्होरं,” आणि स्वतः पान्हा हातात धरत नाही. एकवीस वर्षं.

बाबांनी त्या वर्षाची कॅसेट केली. चौथ्या शर्यतीनंतर पडदा काळा होतो आणि त्यांचा आवाज येतो, ‘पाचव्या शर्यतीत मात्र नशिबानं पाठ फिरवली.’ मग एकदम दुसऱ्याच कुणाला तरी ढाल देताना दिसतात. ती त्यांची शेवटची वर्षाची कॅसेट.

गेल्या वर्षी मामाची साखर डोळ्यांत उतरली. डावा डोळा गेला. उजव्यात इंजेक्शनं झाली आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जे दाखवायचं ते दाखवून घ्या. मला वाटलं आता तो काहीतरी मोठं मागेल. समुद्र, जोतिबाचा डोंगर, निदान माझं लग्न.

“त्या वर्षाची कॅसेट दाव की एकदा,” तो म्हणाला. “चार शर्यती बघतो. दिसतंय तवर.”

आमच्या कॅसेटी महापुरात बुडाल्या होत्या. पाणी माळ्याला लागलं होतं. ओसरल्यावर बाबांनी त्या तशाच पोत्यात भरून गच्चीवर पत्र्याखाली टाकल्या होत्या. मी पोतं उपसलं. बहुतेक लग्नं. चिखल वाळून कडक झालेला. त्या वर्षाच्या दोन कॅसेटी निघाल्या. एकीवर नुसतं वर्ष, तिची फीत कुजून तुटलेली. दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तीन गाठी मारलेली, तरी आत पाणी शिरलेलं. तिच्यावर बाबांच्या अक्षरात: ‘५. पूर्ण.’

मी ती जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि घास खाली ठेवला.

“पाचवी पूर्ण आहे?” मी विचारलं.

“हाय.”

“मग कॅसेटमध्ये का नाही?”

ते आईकडे बघत राहिले. आई वाढत होती. तिनं पळी आमटीत ठेवली आणि म्हणाली, “सांगा आता. ती सोडणार नाही.”

बाबांनी सांगितलं ते असं. धूळ बसावी म्हणून दिवसभरातल्या लहानमोठ्या शर्यतींच्या मधल्या वेळात ट्रॅकवर टँकरनं पाणी मारतात. त्या दिवशी बक्षीस द्यायला येणारे पाहुणे लवकर येणार म्हणून निरोप आला. स्टेजसमोर धूळ नको, म्हणून आयोजकांपैकी कुणीतरी शर्यत चालू असतानाच टँकर आत सोडला. वळणावर मामा धुळीच्या लोटातून बाहेर आला आणि पुढ्यात टँकर. ते वळण गर्दीपासून लांब, धुळीत बाकी कुणाला काही दिसलं नाही, आणि लोक धावत येईपर्यंत टँकर बाहेर काढला होता.

“समदं कॅमेऱ्यात हाय,” बाबा म्हणाले.

“आणि तुम्ही ते कापलं.”

“मी कापायला लावलं,” आई म्हणाली. “पाय ठेवायचा की काढायचा हे ठरत होतं. मिरजेला न्यायची, मोठ्या डॉक्टरची सगळी सोय आयोजकांनी केली. म्हणाले, फक्त टँकरचं कुठं निघायला नको. मी हो म्हटलं. पाय वाचला की बोलायचं, असं ठरवलं होतं.”

“मग?”

“मग तो लॉकचं बोलायला लागला. आम्हाला वाटलं, एक-दोन दिवस बडबडेल. पहिल्या दिवशी नाही बोललं की दुसऱ्या दिवशी अवघड जातं. आता एवढ्या वर्षांनी त्याला काय तोंडानं सांगायचं?”

मी तिला तिच्याच पत्रकातली ओळ ऐकवली. ती जे म्हणाली ते मला अजून टोचतं. ती म्हणाली, “ती ओळ मी त्यानंतर लिहायला लागले. जुनी पत्रकं काढून बघ.” मी नंतर काढून बघितली. खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले आणि मामाला सगळं सांगून टाकलं, काउंटरच्या अलीकडे उभं राहून, गिऱ्हाइकं असताना. मला वाटत होतं तो रडेल, चिडेल, माझ्याबरोबर उठेल.

तो म्हणाला, “कोन म्हणतंय टँकर हुता?”

“बाबा. आईसुद्धा.”

“अक्काचं मन मोठं हाय. माझं डोळं चाललं म्हणून गोष्ट रचली तिनं. टँकर असल बी. पर चेन आधी उतरली असणार. चेन असती तर मी काढली असती गाडी बाजूनं. ब्रेक, गिअर, समदं असतं की हातात.” मग गिऱ्हाइकाकडे वळून, “काय पावणं, लॉक पायजे? बंद तोंड म्होरं.”

म्हणजे आता शब्दांचा उपयोग नव्हता. त्याला दाखवायलाच हवं होतं, आणि तेही त्याला दिसत होतं तोवर. बाबा म्हणाले, ती फीत आता चालायची नाही, चिखल आत गेलाय, नाद सोड. आई म्हणाली, थोडं थांब. थांब हा शब्द त्या घरात ऐकून माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ही दोघं कॅसेट पुन्हा गायब करतील. त्या दिवशी दुपारी बाबा बाहेर गेले, आई बैठकीला गेली, आणि मी कॅसेट उघडली.

मी उद्यमनगरात वाढलेली पोरगी. तिथं काहीही घाण झालं की पेट्रोलनं धुतात. कार्बोरेटर, बेअरिंग, चेन, हात. मला दुसरी रीत माहीतच नव्हती. गाडीतलं पेट्रोल परातीत काढलं, हातभर फीत ओढून घेतली, बुडवली आणि जुन्या सुती कापडानं पुसली. कापड तपकिरी झालं. मला बरं वाटलं. पुन्हा हातभर, पुन्हा तपकिरी. चिखल निघतोय म्हणून मी जोर लावत गेले. पंधराएक मीटर फीत झाली तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले.

त्यांनी फीत उजेडात धरली. तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

“ह्यो चिखल नव्हं,” ते म्हणाले. “हे चित्र हाय, पोरी.”

मी कापडाकडे बघितलं. तो तपकिरी रंग म्हणजे माझा मामा होता, वळण होतं, टँकर होता. एक मीटर फितीत पाऊण मिनिट मावतं, हे बाबांनी नंतर सांगितलं. शर्यत बारा मिनिटांची होती. मी जवळजवळ सगळी पुसली होती. त्यांनी एकवीस वर्षं लपवली होती, पण नष्ट केली नव्हती. ते काम माझ्या हातून झालं, तासाभरात, न्यायाच्या बाजूनं.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि फितीचा काठ नखानं चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, “आवाज काठाला असतोय. मधल्या अंगाला चित्र, वरच्या काठाला आवाज. तू मधीच घासलंस.” पण फीत चुरगळली होती, पेट्रोलनं चिकट झाली होती, पुढच्या भागात अजून चिखल होता. अशी फीत प्लेअरमध्ये घातली तर तो ती चावून टाकणार. ती धुऊन, सरळ करून, दुसऱ्या डबीत भरायला हवी होती. बाबांचे हात आता थरथरतात. माझ्या हातांनी काय केलं ते परातीत दिसत होतं.

मी मामाकडे गेले. या वेळी हळू आवाजात बोलले.

“पेट्रोलनं?” तो म्हणाला. “अगं ती काय सायलेन्सर हाय?” आणि हसला. मी हसले नाही, तसा तोही थांबला. “मी हात लावत न्हाय कशाला. तुला ठावं हाय.”

“तूच लावायला हवा. दुसरं कुणी नाही.”

“आन् माझ्याकडनं उलटंसुलटं बसलं म्हंजे?”

“माझ्याकडून बसलंच आहे. आणखी काय बिघडणार?”

तो बराच वेळ काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिला. मग शेजाऱ्याला दुकान बघायला सांगून उठला, आणि वाटेत एका बॅटरीवाल्याकडे थांबून पाच लिटरचा कॅन घेतला. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी. “फितीला हे. डाग ठेवत न्हाय,” म्हणाला. एवढंच, जसं काही काल-परवाच त्यानं काम सोडलं होतं.

आमच्या पुढच्या खोलीत त्यानं तीन दिवस काम केलं. मी त्याच्या समोर बसून त्याला लागेल ते सांगत होते, कारण त्याला जवळचं धूसर दिसत होतं. डबीचे पाच स्क्रू त्यानं बोटांनीच मोजले. कुणाच्या तरी लग्नाची कॅसेट उघडून तिची डबी रिकामी केली. फीत दोन्ही काठांवर धरायची, मधे बोट लावायचं नाही, हे त्यानं मला चार वेळा सांगितलं आणि पाचव्या वेळी माझ्या हातावर चापटी मारली. बॅटरीच्या पाण्यातून फीत काढून ती कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर टाकली. खोलीभर काळ्या झिरमिळ्या. आई खालून वाकून जात होती, चहा ठेवत होती. फितीची कुठली बाजू आत, कुठली बाहेर, हे तो खालच्या ओठावर घासून ओळखायचा. गुळगुळीत बाजू कळते म्हणाला. डबीत भरताना प्रत्येक वेढ्याला थांबायचा.

“उलटी न्हाय ना?”

“नाही, मामा.”

“नीट बघ.”

“बघितलं.”

“परत बघ.”

दरम्यान मी मुरगूडला जाऊन एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून जुना प्लेअर आणला. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं टीव्हीसमोर बसलो. मामा सगळ्यात पुढे, खुर्ची पडद्याला जवळजवळ टेकवून, ताठ पाय एका बाजूला काढून.

पडद्यावर फक्त पांढऱ्या मुंग्या होत्या.

“लागलं का?” मामानं विचारलं. मला कळलं की त्याला वाटतंय, डोळ्यांमुळे दिसत नाही. क्षणभर वाटलं, तसंच वाटू द्यावं. मग मी म्हणाले, “चित्र नाही मामा. मी पुसलं. फक्त आवाज आहे.”

आवाज होता. खरखरीतून लाउडस्पीकर, माणसांचा गलका, आणि मग गाड्या. मामाची मान वर झाली. “ही माझी,” तो म्हणाला. मला सगळ्या सारख्याच वाटत होत्या.

मग तो मागे न वळता म्हणाला, “दाजी, सांगा की. तुम्ही बघत हुतासा.”

बाबांनी घसा साफ केला. मी त्यांचं निवेदन एकवीस वर्षांनी ऐकत होते. आवाज बारीक झाला आहे, पण चढायच्या जागी चढला. “पयला फेरा. मेव्हणं तिसरं हायती. घाई न्हाय त्यांना, नुसतं पोचायचं हाय... दुसरा फेरा. आता दुसरं.” पडद्यावर मुंग्या आणि बाबा त्यांच्याकडे बघून सांगत होते, जसं त्यांना दिसत होतं. दिसत असणारच. “पाचवा फेरा. म्होरं गेलं मेव्हणं. कशाला जातायसा म्हणलं मी मनात, ऱ्हावा की मागं... सहावा. धूळ लई उठली. मी कॅमेरा वळणावर आणला. आन् डाव्या अंगानं...”

ते थांबले. त्यांच्या ऐवजी टीव्हीतून त्यांचाच आवाज आला, तरणा, फाटलेला. “टँकर! आरं टँकर काढा! काढा त्यो!”

आपटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. मग एक इंजिन एकटंच किंचाळायला लागलं आणि किंचाळत राहिलं, कुणीतरी ते बंद करेपर्यंत.

आईनं तोंडाला पदर लावला होता.

“मागं घे,” मामा म्हणाला.

मी मागे घेतलं. त्यानं डोळे मिटले आणि तळहात टीव्हीच्या पाठीवर ठेवला, जसा टाकीवर ठेवायचा. पुन्हा धूळ, पुन्हा बाबांची किंकाळी, पुन्हा आपटणं, पुन्हा इंजिन.

“परत.”

तिसऱ्यांदा ऐकल्यावर तो बोलला. आमच्यापैकी कुणाशी नव्हे. “चेन उतरली तर इंजिन मोकळं व्हतं. बोंबलतं. हितं आदळंपर्यंत वढतंय. मी गिअर खाली टाकला, ऐकू येतंय. गाडीनं ऐकलंय माझं. बोंबलतंय त्ये आदळल्यावर. चेन मागनं गेली.” आणि मग, “चेन हुती.”

मला वाटलं हा सुटकेचा क्षण आहे. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यानं मान आईकडे वळवली.

“अक्का,” तो म्हणाला, “तुला ठावं हुतं?”

“व्हय,” आई म्हणाली. ती घरात कधी असं बोलत नाही. त्या वेळी बोलली.

“मी रोज लॉक इकतो गं. रोज.”

आईनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

“पोरं यायची. मी न्हाय म्हणायचो त्यांस्नी. हात चांगलं हुतं माझं. एकवीस वर्षं चांगलं हुतं.” त्यानं दोन्ही हात समोर धरले, अगदी डोळ्यांजवळ आणले, मग लांब नेले. कुठून दिसतात ते शोधत होता. “आता दिसंनात,” म्हणाला.

बाबा उठून त्याच्याकडे आले. मामानं त्यांना हातानं थांबवलं. मारलं नाही, ढकललं नाही, फक्त तळहात उभा केला. मग मला म्हणाला, “मला घरी सोड.”

तो त्यानंतर आमच्याकडे आलेला नाही. राखीपौर्णिमेला आई गेली, त्यानं राखी बांधून घेतली, पाणी दिलं आणि बोलला नाही. खंडेनवमीला बाबांनी जुना कॅमेरा पुसून हळदकुंकू लावलं आणि दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिले. मामाच्या उजव्या डोळ्यालाही आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.

मी पत्रक लिहिलं. मला तेवढंच येतं. शर्यत चालू असताना आत सोडलेला टँकर, पाहुण्यांसाठी मारलेलं पाणी, गप्प बसवलेलं कुटुंब, नावांसकट. आईचं आणि बाबांचंही नाव घातलं. छापायला टाकायच्या आधी मामाच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. तो भिंतीला टेकून बसला होता. शेवटपर्यंत ऐकलं.

“चांगलं लिवलंयस,” म्हणाला. “नावं काढ.”

“का काढू? त्यांनी तुझं...”

“काढ म्हणतो न्हवं. आन् ह्यात टँकर हाय, पावणं हायती, स्टेज हाय. चेन कुठं हाय?”

मी कागद चाळला. चेनबद्दल एक अक्षर नव्हतं.

“उद्यमनगरात समद्यांस्नी ठावं हाय की ह्यानं लॉक उलटं बसवलं. मीच सांगत आलोय. टँकरचं काय त्ये तुझं तू बघ. आधी चेनचं लिव्ह.”

पत्रक मी फाडलं. टँकरचं मी बघणार आहे, सोडणार नाही. पण त्यानं सांगितलं तसं, नावं काढून, आधी हे लिहिते आहे. उद्यमनगरात जे कुणी त्याच्याकडून चेन लॉक घेत असतील, त्यांनी वाचावं. त्या वर्षी पाचव्या शर्यतीत, सहाव्या फेऱ्यात, वळणावर, टँकरवर आदळेपर्यंत चेन जागेवर होती. लॉक सुलटं बसवलेलं होतं.